फाइल सिस्टीम बदला, पण पाऊस जाऊ द्या

महोदय,

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या संगणकावर विंडोज ११ बसत नाही, मग विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट प्रणाली टाकावी का, असा प्रश्न घराघरांत निघतो आणि त्याच ओघात ‘फाइल सिस्टीमपण (डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत) नवीन करून घ्या’ असंही कुणीतरी सुचवतं. कोकणात हे काम कुठल्या महिन्यात करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

त्याआधी डिस्कची तब्येत बघावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट साधन उघडलं की ०५, सी५ आणि सी७ अशा ओळी दिसतात. ०५ म्हणजे बाद करून बदललेले सेक्टर (डिस्कचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न येणारे, निकालात न निघालेले सेक्टर. सी५ समोर ‘रॉ व्हॅल्यूज’च्या रकान्यात शून्याशिवाय काहीही असेल तर फाइल सिस्टीमचा विषय तिथेच सोडा, डेटा उतरवून घ्या आणि डिस्क बदला. सी७ म्हणजे डेटा केबलमधून जाताना झालेल्या चुका. फक्त हा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत साटा केबलच्या (डिस्क संगणकाला जोडणारी केबल) टोकांवर थर धरतो. केबल बदलल्यावर तो आकडा खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. म्हणून आधीचा आकडा लिहून ठेवावा.

विंडोजचा सी ड्राइव्ह आधीपासूनच एनटीएफएस या फाइल सिस्टीमचा असतो. तिथे काही करायचं नाही. अडचण असते ती जुन्या बाहेरच्या डिस्कवर, जी अजून फॅट३२ या जुन्या फाइल सिस्टीमवर आहे. तिच्यावर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. दशावताराचं नाटक सेकंदाला १७ मेगाबिट दराने चित्रित केलं तर अर्ध्या-पाऊण तासातच ही मर्यादा येते. शिवाय फॅट३२ ला जर्नल (करायच्या बदलांची आधी होणारी नोंद) नाही, त्यामुळे लिहिताना लाइट गेली की फोल्डर गायब होण्याची भीती राहते. एक्सफॅट या तिसऱ्या प्रकारात ४ जीबीची अट नाही, पण जर्नल तिथेही नाही. डिस्क फक्त विंडोजला लावणार असाल तर एनटीएफएस करा. मॅकवरही लिहायचं असेल तर एक्सफॅट. गाडीतल्या टेपला लावायचा पेनड्राइव्ह फॅट३२ च राहू द्या, नाहीतर गाणी दिसायची नाहीत.

विंडोजच्या ‘कन्व्हर्ट’ आदेशाने फॅट३२ चं एनटीएफएस डेटा न पुसता होतं. आधी ‘चेकडिस्क’ चालवून चुका दुरुस्त करा आणि डिस्कवर मोकळी जागा ठेवा. मध्येच ते ड्राइव्हचं लेबल विचारतं. चुकीचं टाइप केलं तर पुढे जात नाही. परत फॅट३२ करायचं तर फॉरमॅटच. डेटा पुसला जात नाही म्हणून बॅकअप नको, असं मात्र समजू नये.

लिनक्स घेणाऱ्यांनी इन्स्टॉलर पुढे करेल ते डोळे झाकून स्वीकारू नये. लिनक्सच्या आवृत्त्यांपैकी उबुंटू आणि मिंट ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम देतात, फेडोरा २०२० पासून बीटीआरएफएस. बीटीआरएफएसमध्ये स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची स्थिती) मिळतात आणि डेटाच्या प्रत्येक ब्लॉकची ताळ्याची बेरीज (चेकसम) तपासली जाते. पण एकाच डिस्कवर फाइल बिघडली तर ती बिघडली एवढंच कळतं. दुसरी प्रत नसल्याने दुरुस्ती होत नाही. ४ जीबी रॅम आणि आत तबकडी फिरणारी डिस्क असलेल्या जुन्या यंत्रावर आमचं मत सरळ ईएक्सटी४ ला. चालू असलेली ईएक्सटी४ जागच्या जागी बीटीआरएफएस करण्यात तर काहीच शहाणपणा नाही. तशी हौस असेल तर नव्या एसएसडीवर (फिरता भाग नसलेली डिस्क) करा, जुनी डिस्क दोन महिने कपाटात ठेवा. आणि बीटीआरएफएस रुसली तर तिच्या ‘चेक’ या तपासणीच्या आदेशाला ‘रिपेअर’ जोडून चालवणं हा शेवटचा उपाय. आधी डिस्क केवळ वाचण्यापुरती जोडून डेटा बाहेर काढा.

आता महिना. यूएसबी २ वर सेकंदाला ३० एमबी धरले तर ५०० जीबीचा बॅकअप साडेचार तास चालतो. साधा ६०० व्हीएचा यूपीएस संगणक नीट बंद करण्यापुरता पुरतो, एवढ्या कामाला नाही. लॅपटॉपची बॅटरी लॅपटॉप सांभाळते. स्वतःचा अडॅप्टर असलेली साडेतीन इंची डिस्क लाइट गेली की जागेवर बंद पडते. जून ते सप्टेंबर माडाची झावळ तारांवर कधी पडेल याचा नेम नाही. मे महिन्यातल्या वळिवाच्या आणि ऑक्टोबरमधल्या परतीच्या पावसाच्या संध्याकाळी विजा असतात. तेव्हा नोव्हेंबर ते मार्च, तेही सकाळी सुरुवात करून. तोवर पावसाळ्यात फक्त बॅकअप घ्या, तोही तुकड्यातुकड्याने, आणि प्रत्येक तुकड्यानंतर ‘सेफली रिमूव्ह’ करूनच केबल काढा.

— संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातील काही वाचक, कुडाळ