कातळावर तंबाखू लावण्याआधी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझं माहेर निपाणीजवळच्या खेड्यातलं, सासर देवगड तालुक्यात खाडीकाठी. लग्नाला ३६ वर्षं झाली. फोंडाघाट, दाजीपूर, राधानगरी, मुधाळ तिट्टा या वाटेने किती खेपा झाल्या त्याला गणती नाही. देवगड-निपाणी रस्त्याच्या एका टोकाला आंबा आणि दुसऱ्या टोकाला तंबाखू का, हे दोन्हीकडच्या मातीत राबलेल्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. पण गेल्या महिन्यात घाटावरचे एक व्यापारी वाडीत आले आणि ‘माळाची पड जमीन तंबाखूखाली आणा, माल आम्ही उचलतो’ असं सांगून गेले. पोरांनी ते मनावर घेतलंय, म्हणून हे पत्र.

निपाणीकडे बिडीची तंबाखू काळ्या रानात होते. वडील ऑगस्ट-सप्टेंबरात तरू, म्हणजे वाफ्यात वाढवलेली रोपं, लावायचे. परतीचा पाऊस ते रान पोटात धरून ठेवायचं आणि त्या ओलीवरच जानेवारी-फेब्रुवारीत पीक निघायचं. खाली ओल, वर कोरडी थंडी, तेव्हा कुठे पानाला चीक धरतो. शेंडे खुडताना, फुटवे काढताना तो हाताला काळा बसायचा. कितीही धुतले तरी त्या हातांनी खाल्लेली भाकरी कडू लागायची. दहिवरात भिजलेल्या पानांत काम केलं की मळमळायचं, आईला तर उलट्या व्हायच्या.

आता आमचा माळ बघा. कातळावर वीतभर जांभ्याची माती. इथे हापूसची कलमं लावायला लोकांनी सुरुंगाने खड्डे पाडले आणि बाहेरून माती आणून भरली. पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि दिवाळीनंतर महिन्याभरात सगळं ठणठणीत. म्हणजे तरू लावायच्या वेळी मुळं पाण्यात कुजणार आणि पान भरायच्या वेळी ओलच नसणार. तंबाखूला पालाश (पोटॅश) भरपूर लागतं, ते इथला पाऊस धुऊन नेतो. स्फुरद (फॉस्फरस) घालावं तर या मातीतलं लोह ते धरून बसतं, पिकाला सोडत नाही. खताची पोती कितीही ओता.

खाली खाडीलगतच्या खाजणात लावू म्हणणारेही आहेत. खाऱ्या जमिनीतलं क्लोराइड तंबाखूचं पान ओढून घेतं आणि मग ते नीट जळत नाही. असं पान बिडीवाला कशाला घेईल?

तांबडी माती वाईट, असं मी म्हणत नाही. किंचित आम्ल जमीन तंबाखूला मानवते. म्हैसूरकडे हुणसूर, पिरियापट्टण भागात सिगारेटची तंबाखू तांबड्या मातीतच होते. पण तिथला पाऊस आपल्यासारखा नाही, आणि ते पान भट्टीत वाळवायला लाकूड जाळावं लागतं. आमच्या डोंगरांवर आता तोडायला उरलंय तरी काय?

(तंबाखूचं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या वर भरतं. त्याचे वाफेही आपल्या भातासारखे राब भाजून करतात. इथल्या शेतीशी तिचं जुळतं ते एवढंच.)

माझी खरी काळजी पुढची आहे. वडील एका रानात लागोपाठ तंबाखू घ्यायचे नाहीत, मधे ज्वारी किंवा हरभरा असायचा. ते गेल्यावर माझ्या भावांनी दराच्या मोहाने दरवर्षी तंबाखूच केली. थोड्याच वर्षांत रानात बंबाखू उगवला. हे तण तंबाखूच्या मुळांवर जगतं. ते जमिनीवर दिसेपर्यंत खाली नुकसान झालेलं असतं, आणि त्याचं धुळीसारखं बी वर्षानुवर्षं मातीत जिवंत राहतं. मुळांवर सूत्रकृमींच्या गाठीही आल्या. आज त्या रानात भाऊ तंबाखू लावत नाहीत. पुरुषभर खोल काळ्या जमिनीची ही गत झाली, तर आमच्या वीतभर मातीला उठायला किती पिढ्या लागतील?

भात कापल्यावर राहिलेल्या ओलीवर कुळीथ, चवळी, वाल इथे आजही होतात, आणि जमिनीला नत्र देऊन जातात. त्यांना खात्रीचा भाव देणारा व्यापारी मात्र ३६ वर्षांत आमच्या वाडीत आलेला मी पाहिला नाही.

कराराचे कागद घरी येऊन पडलेत. माझ्या धाकट्या दीरांनी अजून सही केलेली नाही. माळावरची आणि खाजणातली अशी दोन्हीकडची माती पिशव्यांत भरून त्यांनी तपासणीला दिली आहे.

– एक शेतकरी वाचक, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग