बाबांच्या गुडघ्याला झेपेल अशी रत्नागिरी

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

फोनवर सगळं नीट सांगता येत नाही म्हणून लिहितेय. "आता कशाला, गुडघा साथ देत नाही" असं बाबा म्हणाले ना, ते माझ्या डोक्यातून जाईना, मग मागचे दोन रविवार मी गाडी घेऊन तुमच्यासाठीच फिरले, कुठे किती चालावं लागतं ते बघत.

रत्नदुर्ग आपण लांबूनच बघू, तिथे पायऱ्या आहेत. थिबा पॅलेस मात्र बघायचाच. बाबा, तुम्ही वर्गात ब्रह्मदेशच्या राजाचा धडा किती रंगवून सांगायचात! 1885 ला इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, इकडे आणून ठेवलं, हा राजवाडा बांधून झाला 1910 ला आणि 1916 ला तो इथेच गेला, म्हणजे स्वतःच्या देशात परत नाहीच. तिथल्या अर्धगोल खिडक्यांच्या रंगीत काचा बघताना मला सारखा तुमचा आवाज ऐकू येत होता. तिथून थिबा पॉइंटला जायचं, बाकावर बसल्या बसल्या भाट्याची खाडी आणि सूर्यास्त दोन्ही दिसतं.

पण खरं सांगायचंय ते उक्षी गावचं. तिथे सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभ्या दगडात कोरलेला हत्ती आहे, कातळशिल्प म्हणतात, कोकणातली अशी काही ठिकाणं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलीत. मी गेले तेव्हा नुकताच पाऊस पडून गेला होता, कोरलेल्या रेघांत पाणी साचलेलं आणि त्यात आभाळ, त्यामुळे हत्ती अख्खा उठून दिसत होता, मी किती वेळ नुसती बघतच राहिले. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी इथे उकिडवं बसून हे टोकरत असेल! आणि आई, गणपतीनंतर सडा नुसता फुलतो गं, सीतेची आसवं म्हणून नखाएवढं जांभळं फूल असतं, नाव ऐकूनच तुला आवडेल, दिसायला इतकं नाजूक पण मुळाशी बारीक पिशव्या असतात त्यात किडे पकडून खातं.

गणपतीपुळ्याला आरे-वारेच्या रस्त्याने जाऊ, वरच्या वळणावर गाडी थांबवली की खाली सगळा समुद्रच समुद्र. देवळामागच्या डोंगराची प्रदक्षिणा साधारण एक किलोमीटरची आहे, ती आई आणि मी घालू, बाबा तोवर समोर किनाऱ्यावर बसतील, घडीची खुर्ची मी घेऊन ठेवलीय.

फुलं जायच्या आत या, ऑक्टोबर हीटमध्ये सडा तापतो. ठाण्याहून जनशताब्दीचं बुकिंग मी करते, फक्त तारीख कळवा. बाबांच्या गोळ्या आणि गरम पाण्याची पिशवी विसरू नका. उक्षी गेलं की करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, तो संपला की सामान हाताशी घ्या, मी प्लॅटफॉर्मवर असेनच.

तुमची,
ताई