आजीचा फोटो आणि चीजमधला इफेक्ट

सांगली, रात्री उशिरा

प्रिय मित्रा,

परवा फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहायला बसलो. आमच्या माजघरातला तो फोटो आठवतोय का, आजी नऊवारीत, नथ घातलेली, शेजारी आजोबा टोपी घालून ताठ उभे? ऑगस्ट २०१९ च्या पुरात तो गेला. कृष्णेचं पाणी ओसरल्यावर फ्रेम उघडली तर कागद काचेला चिकटून बसलेला, सोडवायला गेलो आणि चेहराच निघून आला. आजी त्यावर बोलत नाही, पण भिंत झाडताना त्या खिळ्यापाशी थांबते.

म्हणून म्हणलं दोघांचा परत तसाच फोटो काढू. लॅपटॉपवर लिनक्स आहे, त्यात चीज नावाचं वेबकॅमचं ॲप. इफेक्ट्सचं बटण दाबलं की एका पानावर नऊ चौकोन येतात, प्रत्येकात आपणच, वेगवेगळ्या रंगात. हिस्टॉरिकल निवडला तर आजोबा म्हणाले, "हे उभे केस कसले पडलेत रे अंगावर?" आणि मला एकदम पटलं की बरोबर आहे, तो इफेक्ट जुन्या सिनेमाच्या रिळासारखा आहे, ओरखडे, ठिपके, धूळ, सगळं हलतंय. भिंतीवरचा फोटो असा जुना होत नाही. तो काचेमागे नुसता फिकट होत जातो, काळा असतो तो तपकिरी होतो.

मग बाकीचे बघितले. नॉयर-ब्लँकमध्ये रंग शून्य, फार कोरडा. सेपिया, म्हणजे तपकिरी छटेचा, जवळ होता पण हळदीत बुडवल्यासारखा पिवळा.

आता ऐक, खरी गंमत पुढं आहे. हे इफेक्ट म्हणजे साध्या टेक्स्ट फाइली आहेत! यूएसआरच्या शेअरमध्ये ग्नोम-व्हिडिओ-इफेक्ट्स नावाचं फोल्डर, त्यात एकेक डॉट-इफेक्ट फाइल, आत नाव आणि पाइपलाइन-डिस्क्रिप्शनची, म्हणजे फिल्टरांच्या साखळीची, एक ओळ, बस. त्या ओळीत जीस्ट्रीमर या व्हिडिओ हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरचे फिल्टर उद्गारचिन्ह टाकून एकापुढं एक जोडायचे. मी सेपियाची फाइल कॉपी केली, नाव "आजी" ठेवलं, आणि सेपियापुढं व्हिडिओबॅलन्स हा रंग कमीजास्त करणारा फिल्टर लावला. त्यात सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, ० ते २ चालतं, मुळात १ असतं, मी ०.६ वर आणलं, काँट्रास्ट ०.९ केला. मध्ये व्हिडिओकन्व्हर्ट हा फॉरमॅट बदलणारा फिल्टर टाकायला विसरू नको, प्रत्येक फिल्टरला रंगाचा फॉरमॅट आपापला लागतो, मध्ये काही नसलं तर पाइपलाइन जुळतेच असं नाही. फोल्डर सिस्टिमचं आहे म्हणून सुडो, म्हणजे ॲडमिनचा अधिकार, लागतो, आणि चीज बंद करून परत उघडायचं, मगच नवा चौकोन दिसतो.

काल संध्याकाळी दोघांना दारात बसवलं, उजेड बाजूनं येऊ दिला. आजीनं स्क्रीनकडं बघून पदर सारखा केला, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "साडीचा रंग जमलाय, पण आपला फोटो याच्यापेक्षा लालसर होता."

म्हणजे अजून काम आहे. तुमच्या आजीचा फोटो त्याच स्टुडिओतला ना, तुमच्या साताऱ्याच्या घरी वर माळ्यावर? काचेतून काढून दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता एक फोटो काढून पाठव. तो समोर ठेवून ह्यू, म्हणजे रंगाची छटा, थोडी थोडी सरकवून बघतो. दिवाळीच्या आत प्रिंट काढायचीय, खिळा तिथंच आहे.

तुझाच