भाजीचं पाणी मोरीत ओतू नका

महोदय,
आईचा रक्तदाब वाढला तेव्हा दवाखान्यात फक्त ‘मीठ कमी करा’ एवढंच सांगितलं. पोटॅशियमचं नावही कुणी काढलं नाही. पोटॅशियममुळे मूत्रपिंडं मिठातलं जादा सोडियम लघवीवाटे बाहेर टाकतात, रक्तवाहिन्याही सैलावतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी रोज किमान ३५१० मिलिग्रॅम पोटॅशियम सुचवते. मीठ मात्र ५ ग्रॅमच्या आत. आम्ही सांगलीकर संध्याकाळी खारट भडंगाची पुडी उघडतो आणि पालक उकडून ते हिरवंगार पाणी मोरीत ओततो! पालकातलं बरंचसं पोटॅशियम त्या पाण्यात उतरलेलं असतं. आता आई तेच पाणी आमटीत घालते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं.

– एक वाचक, सांगली