पावसाच्या वहीचं मागचं पान

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, आधी सांगून टाकते, मग हवं तेवढं रागवा. फायबरच्या, म्हणजे काचेच्या तारेवरून येणाऱ्या नेटचे, सहा महिन्यांचे पैसे मी भरलेत. मंगळवारी केबलवाल्याचा मुलगा जोडायला येईल. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही ‘चाललंय की’ म्हणाला असतात.

चाललंय कुठे? परवा डॉक्टरांना आईच्या पायाची सूज दाखवत होतात, तेव्हा आम्हाला अर्धा मिनिट नुसता तिचा अंगठा दिसत होता, तोही चौकोनाचौकोनांचा. जुन्या कंपनीकडे मी तीनदा तक्रार केली, तिन्ही वेळा ‘निवारण झाले’ असा मेसेज आला. लँडलाइनच्या तांब्याच्या जुन्या वायरीवरून येणाऱ्या नेटचं असंच असतं. तुमच्याकडे येणारं नेट बरं असतं, पण तुमच्याकडून जाणारं जेमतेम १ एमबीपीएस (नेटचा वेग यातच मोजतात, पुढचे आकडेही त्याचेच). एक्स्चेंजपासून जितकं लांब, तितकं आणखी मंद. त्यात पावसाचं पाणी सांध्यांत शिरतं.

दिवाळीत मी तुमच्या पावसाच्या वहीत मागे काय खरडत होते, ते हेच. नानांकडे टॉवरवरून येणारं फाइव्ह-जीचं डबडं आहे ना, त्यांच्या ओटीवर बसून मोजलं. दुपारी २१०, रात्री नऊला ३०. सगळी वाडी त्याच टॉवरला लोंबकळलेली! पोस्टामागच्या वहिनींकडे केबलवाल्याचं फायबर: दुपारी ९४, रात्री ८८, आणि जाणारंही जवळपास तेवढंच. तुमच्यासाठी ५०चाच प्लॅन घेतलाय. व्हिडिओ कॉलला ३-४ पुरतात, उगाच ३००चे पैसे कशाला? फक्त ते ५० रात्री नऊलाही ५०च राहायला हवेत.

आणि ऐका, लँडलाइन मी बंद केलेली नाही. लाइट गेली तरी त्या फोनला एक्स्चेंजच्या बॅटरीवरून करंट येतो, हे तुमचं म्हणणं अगदी खरं. फायबरच्या डब्याला घरचीच लाइट लागते. म्हणून छोटा यूपीएस पाठवलाय, तीन-चार तास सहज काढेल. पण बाबा, ३ जून २०२०ला, निसर्ग वादळात, तांब्याचा फोनही गेलाच होता ना? खांबच आडवे झाल्यावर काच काय आणि तांबं काय. ते दिवस मी पुण्यात कसे काढले ते राहू दे. केबलवाला दोन आळ्या सोडून राहतो. वायर तुटली तर तो शिडी घेऊन येईल, टोल-फ्री नंबर थोडाच येणार आहे!

फोन घरात नवा आला तेव्हा तुम्ही मला कडेवर घेऊन रिसीव्हर कानाला लावायचात आणि मी नुसतं ते ‘टूंऽऽ’ ऐकत बसायचे. तो काढायला माझाच हात उठणार नाही.

आता आई, तुझ्यासाठी. त्या डब्यावर क्रोशाचा रुमाल घालायचा नाही. कितीही सुंदर असला तरी नाही, तापतो तो. रात्री झोपताना त्याचा स्विच बंद करायचा नाही, बिल त्याने फारसं वाढत नाही. डबा पडवीत नको, माजघरात बसवायला सांग. चिऱ्याच्या भिंतीतून वायफाय धड जात नाही. दोन नावं दिसतील, त्यातलं शेवटी ‘५जी’ नसलेलं धर, ते स्वयंपाकघरापर्यंत पोचेल. (ते ‘५जी’ नानांचं नव्हे, नुसतं नाव तसं आहे. बाबा, यावर वाद नको.) त्या मुलाला कोकम सरबत दे, पण पैसे देऊ नकोस, दिलेत. आणि गोळी जेवणाआधीची, नंतरची नाही.

बाबा, मागच्या पानावर रकाने आखून ठेवलेत. पावसाच्या मिलिमीटरशेजारी रात्री नऊचा आकडाही लिहीत जा. ४०च्या खाली गेला तर मला लँडलाइनवरून फोन करा.

तुमची,
बेबी