आर्चटॉप गिटारचे वर्णन आणि प्रत्यक्ष वस्तू यांतील तफावतीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ‘सॉलिड स्प्रूस टॉप’ असे सांगून लॅमिनेट टॉपची गिटार पाठवल्याबाबत.

महोदय,

आपल्याकडून मागवलेली अकूस्टिक आर्चटॉप (कमानीसारखा फुगीर टॉप असलेली) गिटार मला गेल्या आठवड्यात मिळाली. तिच्या फ्रेटचे काम स्वच्छ आहे आणि मानही सरळ आहे. माझी तक्रार फक्त टॉपविषयी, म्हणजे गिटारच्या वरच्या लाकडी फळीविषयी आहे. वर्णनात ‘सॉलिड स्प्रूस टॉप, अ‍ॅम्प्लिफायरशिवाय रिदम वाजवण्यासाठी’ असे स्पष्ट लिहिले होते. सॉलिड म्हणजे एकसंध लाकडाचा. प्रत्यक्षात एफ-होलच्या (टॉपवरील ‘f’ आकाराच्या छिद्राच्या) कडेला एकमेकांवर चिकटवलेले लाकडाचे थर, म्हणजेच लॅमिनेट, नुसत्या डोळ्यांना दिसतात. लाकूड सॉलिड असते, तर वरच्या रेषा त्या कडेच्या जाडीतून सलग खाली उतरलेल्या दिसल्या असत्या. छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

हाताने कोरलेला टॉप माझ्या आवाक्याबाहेरचा आहे, याची मला कल्पना आहे. म्हणूनच टॉप साच्यात दाबून वळवलेला असला तरी चालेल, पण सॉलिड हवा, एवढी एकच अट ठेवून मी नक्षीकाम, चकाकी आणि नामांकित शिक्का यांवर पाणी सोडले होते. रिदम वाजवणाऱ्याला लांबत जाणारा नाद नको असतो. प्रत्येक मात्रेला कॉर्ड चटकन उमटावा, लगेच विरावा आणि तरीही इतर वाद्यांच्या गर्दीतून ऐकू यावा, एवढेच त्याला हवे असते. अमेरिकन जॅझ पियानोवादक काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात १९३७ पासून १९८७ पर्यंत रिदम सांभाळणाऱ्या फ्रेडी ग्रीन यांची ओळखच मुळी अशा, अ‍ॅम्प्लिफायरविना वाजवलेल्या आर्चटॉपमुळे आहे. लॅमिनेट टॉप सरसकट वाईट असतो असे माझे म्हणणे नाही. गिब्सनने १९४९ साली आणलेली ईएस-१७५ लॅमिनेटचीच होती. पण ती इलेक्ट्रिक गिटार होती आणि टॉप कमी थरथरला की फीडबॅकही (अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून होणारा कर्कश आवाज) कमी होतो, हा तिथे गुणच ठरतो. माझ्या कामासाठी नेमका तोच दोष आहे, आणि त्यात भर म्हणून आपण टॉप कापून पिकअपही (तारांची कंपने विद्युत संकेतांत बदलणारे साधन) बसवला आहे, ज्याचा वर्णनात उल्लेखच नव्हता.

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर जाड तारा लावण्याचा सल्ला दिला. त्याप्रमाणे मी १३ ते ५६ मापाच्या (इंचाच्या हजाराव्या भागांत) ब्राँझच्या तारा लावल्या आणि एका वेगळ्या ब्रिजचे (तारांना आधार देणाऱ्या तुकड्याचे) पाय टॉपच्या वळणाशी घासून जुळवले (मूळ ब्रिज आणि तारा जशाच्या तशा जपून ठेवल्या आहेत). आवाज किंचित मोकळा झाला, पण एका पियानोसोबतही तो बुडतो. त्यावर ‘मग अ‍ॅम्प्लिफायरला जोडून वाजवा’ असे मला सांगण्यात आले. तसेच करायचे असते, तर मी ही गिटार निवडलीच नसती.

तरी वर्णनाप्रमाणे सॉलिड टॉपची, पिकअप नसलेली गिटार बदलून द्यावी. ती उपलब्ध नसल्यास वाहतूक खर्चासह पूर्ण रक्कम परत करावी आणि ही गिटार परत नेण्याची व्यवस्था आपल्या खर्चाने करावी. तसेच या मॉडेलच्या वर्णनातील ‘सॉलिड’ हा शब्द त्वरित काढावा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक ग्राहक

सोबत: पावतीची प्रत, एफ-होलच्या कडेची छायाचित्रे, खरेदीच्या वेळच्या वर्णनाची प्रत.