खात्यात जास्त आलेले पैसे बँकेला आपोआप सापडत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सकाळी आमराईत फिरायला येणाऱ्या आमच्या गटात पंधरा दिवस एकच वाद चालू आहे, आणि त्याला कारण माझे पासबुक. गेल्या महिन्यात माझ्या बचत खात्यात 48,000 रुपये जमा झाल्याचा मेसेज आला. मी भाजी निवडत होते. आधी वाटले, ठेवीचे व्याज असेल. पण व्याज असे गोल आकड्यात येत नाही. दुसऱ्या दिवशी पासबुक छापून आणले. नोंदीसमोर ‘बाय कॅश’ होते. म्हणजे कोणीतरी खिडकीवर रोख भरली होती आणि ती माझ्या खात्यावर चढली होती.

गटातल्या एका निवृत्त गुरुजींचे म्हणणे, किमान शिल्लक नाही म्हणून बँक पैसे कापते, तेव्हा ती आपल्याला विचारते का? मग आपण का सांगायचे? दुसऱ्यांचे म्हणणे जरा सौम्य होते: खर्च करू नका, पण धावतही जाऊ नका, बँकेचे ऑडिट असते, त्यांची चूक त्यांना सापडेल आणि ते काढून घेतील. घरी मुलगाही हेच म्हणाला. बहुतेक भल्या माणसांना असेच वाटते, म्हणून हे पत्र.

मी एका सहकारी बँकेत एकतीस वर्षे रोखपाल होते. त्या अनुभवावरून सांगते, अशी चूक बँकेला आपोआप सापडत नाही. भरणा पावतीवरच्या खाते क्रमांकातला 1 घाईत 7 वाचला जातो. खाते क्रमांक टाकला की पडद्यावर नाव येते, ते पावतीवरच्या नावाशी ताडून पाहायचे असते. महिन्याच्या दहा तारखेच्या गर्दीत ते राहून जाते. संध्याकाळी रोख मोजली की ती बरोबर जुळते. 48,000 आले, 48,000 जमा दाखवले, फरक शून्य. तिजोरीला कुलूप लावून माणसे घरी जातात. दुसऱ्या दिवशी कोणी पावत्या आणि नोंदी नीट पडताळल्या तरच चूक उघडी पडते. मेसेजही मला आला, भरणाऱ्याला नाही. तो बिचारा शिक्का मारलेली स्थळप्रत खिशात घालून निश्चिंत आहे. पासबुक कदाचित सहा महिन्यांनी छापेल, किंवा कर्जाचा हप्ता थकल्याची नोटीस आल्यावर त्याला कळेल. तोपर्यंत ही गोष्ट जगात फक्त एकाच माणसाला ठाऊक असते, ज्याच्या खात्यात पैसे आले त्याला. ‘बँक बघून घेईल’ म्हणून तो गप्प बसला, तर बघणारे कोणीच उरत नाही.

ज्या दिवशी रोख जुळत नाही, त्या दिवशी काय होते तेही लिहिते, कारण ‘बँकेचे पैसे’ हा शब्द लोक फार सहज वापरतात. 1994 साली हळदीचे सौदे जोरात होते. एका अडत दुकानाच्या माणसाला साठ हजार द्यायचे होते. पन्नासच्या नोटांच्या बारा गड्ड्या द्यायच्या, तेरा गेल्या. त्या काळी गड्ड्यांना पिना मारलेल्या असत, एकीला दुसरी अडकून बसे. संध्याकाळी पाच हजार कमी. रात्री साडेआठपर्यंत आम्ही तिघे मोजत होतो. मॅनेजर स्वतः त्या दुकानात जाऊन आले. त्यांनी सांगितले, आमच्याकडे बरोबर बाराच आल्या. रोख कमी पडली की रोखपालाने भरायची, हा तेव्हाही रिवाज होता, आजही आहे. माझा पगार हातात साडेतीन हजारांच्या आसपास येई. नोकरांच्या पतपेढीचे कर्ज काढून पैसे भरले आणि वीस महिने हप्ता कापला गेला. धाकट्याच्या बारशाला घेतलेली चांदीची वाटी त्या वर्षी मोडली. ती तेरावी गड्डी कुणाकडे गेली, हे मी आजतागायत कुणाला म्हटलेले नाही. पण कुणीतरी ती घरी जाऊन मोजली असणारच.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी एक हमालाची बायको सकाळी शटर उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसली होती. पदराच्या गाठीत शंभराच्या दहा नोटा. “बाई, काल तुमच्याकडनं जास्त आल्या. मालक म्हणाले, त्या बाईच्या पगारातनं जातील, आधी देऊन ये.” आदल्या संध्याकाळी हजार कमी पडले होते आणि ते मी भरूनही टाकले होते. त्या नवरा-बायकोंना बँकेचे कायदे माहीत नव्हते. खिडकीमागे एक माणूस बसलेले असते, एवढे त्यांना माहीत होते.

म्हणून गुरुजींना मी सांगितले, किमान शिल्लकेच्या कपातीचा राग मलाही आहे. त्यासाठी शाखेत लेखी तक्रार करा, दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, मी अर्ज लिहून देते. पण हे 48,000 त्या खिशातले नाहीत. ते एखाद्याच्या उसाच्या बिलाचे असतील किंवा पोरीच्या फीचे.

कायदाही स्पष्ट आहे. चुकीने मिळालेले पैसे परत केले पाहिजेत, असे 1872 च्या करार कायद्याचे कलम 72 सांगते. अप्रामाणिकपणे वापरून टाकले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली सहा महिने ते दोन वर्षे कैद आणि दंड होऊ शकतो. 2023 च्या दिवाळीत 10 ते 13 नोव्हेंबरदरम्यान युको बँकेच्या 41,000 हून अधिक खात्यांत आयएमपीएसच्या, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत लगेच पैसे पाठवण्याच्या सोयीच्या, बिघाडाने 820 कोटी रुपये जमा झाले. पाठवणाऱ्यांच्या खात्यातून काहीच गेले नव्हते. कित्येकांनी पैसे काढून घेतले. पुढच्या मार्चमध्ये सीबीआयने राजस्थानात आणि आपल्या पुण्यात मिळून 67 ठिकाणी झडती घेतली. ‘बँकेचीच चूक आहे’ म्हणून ती झडती टळली नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. “ताई, चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, या नंबरवर परत पाठवा,” असा फोन आला तर स्वतः एक रुपयाही पाठवू नये. जमा झाल्याचे खोटे मेसेज पाठवून लुबाडणारे पुष्कळ आहेत, आणि खरोखर आलेले पैसे दुसऱ्या कुणाची फसवणूक करून मिळवलेलेही असू शकतात. शाखेत जाऊन लेखी कळवावे आणि बँकेनेच ते ज्या वाटेने आले त्या वाटेने परत घ्यावेत.

मी तसेच केले, पण ते सोपे गेले नाही. काउंटरवरच्या मुलीने संगणकात तक्रारीचे प्रकार उघडले. पैसे कमी आले, आले नाहीत, कापले गेले, एटीएममधून निघाले नाहीत, सगळे होते. जास्त आले, हा प्रकारच नव्हता. “मावशी, राहू द्या ना, कोणी आले तर बघू,” असे ती म्हणाली. तिच्यावर माझा राग नाही. तिच्यापुढे वीस माणसे उभी होती. मी साध्या कागदावर तारीख, रक्कम आणि नोंद लिहून अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. तिसऱ्या दिवशी रक्कम उलटी वळती झाली. पैसे कुणाचे होते ते शाखेने सांगितले नाही, आणि सांगूही नये. तिथल्या अधिकाऱ्याने एवढेच म्हटले की ज्यांचे होते ते गृहस्थ अजून आलेलेच नव्हते.

बँकांना माझी विनंती एवढीच आहे. भरणा पावत्यांच्या शेजारी आणखी एक छापील कागद ठेवा: ‘माझ्या खात्यात माझे नसलेले पैसे आले आहेत.’ खाली तारीख, रक्कम, सही आणि पोच. परत करायला आलेल्या माणसाला रांगेत तासभर उभे करू नका आणि त्याच्याकडे संशयाने पाहू नका. आमच्या शाखेत मी तसा अर्ज दिला आहे. त्याचीही पोच माझ्याकडे आहे.

— एक निवृत्त रोखपाल, सांगली